संशोधन केंद्रात पीएच.डी. करायची, पण पदवी देणार कोण?

प्रश्न असा आहे: जीवशास्त्रातली पदवी हातात आहे, पुढचं शिक्षण इकॉलॉजीत घ्यायचंय आणि तेही एखाद्या संशोधन केंद्रात. केंद्राच्या माहितीत शास्त्रज्ञ, प्रकल्प, फील्ड स्टेशन सगळं दिसतं, पण प्रवेश अर्जाचा कुठे पत्ता नाही. मग विद्यार्थी तिथे पोचतात कसे?

अर्ज सापडत नाही, कारण बऱ्याचदा तो नसतोच. केंद्राकडे माणसं असतात, प्रयोगशाळा असते, जंगलातली किंवा तळ्याकाठची जागा असते, वर्षानुवर्षांच्या नोंदी असतात. पदवी देण्याचा अधिकार मात्र असेलच असं नाही. विद्यापीठात पदवी, मार्गदर्शक आणि पैसे या तिन्हींचा निकाल साधारण एकाच अर्जावर लागतो. केंद्राच्या बाबतीत ही तीन दारं वेगळी असतात आणि प्रत्येक दार स्वतंत्र ठोठवावं लागतं. मार्गदर्शक ‘हो’ म्हणाला म्हणजे प्रवेश झाला, असं धरून चालणाऱ्याची गाडी नेमकी इथे अडते.

आधी केंद्र कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं पर्यावरणीय विज्ञान केंद्र माधव गाडगीळ यांनी 1983 मध्ये उभं केलं. ते संस्थेचाच विभाग असल्यामुळे पदवीही संस्थाच देते. इथे रीतसर प्रवेशप्रक्रिया आहे आणि त्यातूनच जावं लागतं. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थांचं तसं नाही. येना इथल्या रासायनिक इकॉलॉजीच्या संस्थेत तुम्ही काम करता, पण पदवी विद्यापीठाच्या नावावर येते. नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनला राष्ट्रीय इकॉलॉजी संस्था आहे. तिथला पीएच.डी. करणारा साधारणपणे पगारी कर्मचारी असतो आणि त्याचा मार्गदर्शक ज्या विद्यापीठात प्राध्यापक, त्या विद्यापीठात प्रबंधाची तोंडी परीक्षा होते. त्यामुळे तिथे ‘प्रवेश’ शोधू नका, ‘नोकरीची जाहिरात’ शोधा. तिसरा प्रकार फक्त विद्यार्थ्यांना जागा देणाऱ्या केंद्रांचा. जीन लायकेन्स यांनी न्यूयॉर्क राज्यात मिलब्रुक इथे स्थापन केलेली केरी इन्स्टिट्यूट किंवा पनामातली स्मिथसोनियन उष्णकटिबंधीय संशोधन संस्था या जातीतल्या. तिथले विद्यार्थी कुठल्यातरी विद्यापीठात नोंदलेले असतात आणि केंद्रातला शास्त्रज्ञ त्यांचा सहमार्गदर्शक असतो. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या एम.एस्सी.ची पदवीसुद्धा अनेक वर्षं सौराष्ट्र विद्यापीठाच्या नावाने मिळत आली.

केंद्र यांपैकी कशात बसतं हे कुणाला न विचारताही कळू शकतं. तिथल्या विद्यार्थ्यांनी प्रथम लेखक म्हणून लिहिलेले चार-पाच शोधनिबंध काढा. नावाखाली बहुधा दोन पत्ते असतात. त्यातलं विद्यापीठ म्हणजे बहुतेक वेळा पदवी देणारं. मग खाली जाऊन आभाराचा परिच्छेद वाचा: पैसे कुठून आले ते तिथे लिहिलेलं असतं. कुठली फेलोशिप, कुठला प्रकल्प, स्टेशनवर राहण्याचा खर्च कुणी केला, परवाना कुणी दिला, सगळं. अर्धा तास पुरतो, आणि मार्गदर्शकाला पाठवलेल्या पहिल्या ईमेलमध्ये ‘तुमच्याकडे प्रवेश कसा मिळेल?’ हा हमखास नुकसान करणारा प्रश्न टळतो.

आता जरा मुळाशी जाऊ. केंद्रातच का जायचं? याला एकच भक्कम उत्तर आहे: तिथल्या दीर्घकाळच्या नोंदी. पनामा कालव्यासाठी पाणी अडवलं तेव्हा एका टेकडीचं बारो कोलोरॅडो हे बेट झालं. त्या बेटावर 50 हेक्टरचा एक प्लॉट आहे. छातीच्या उंचीवर एक सेंटिमीटर किंवा जास्त जाडीचं प्रत्येक खोड 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे मोजलं जातंय, साधारण दर पाच वर्षांनी. त्याच धर्तीचा 50 हेक्टरचा प्लॉट तमिळनाडूतल्या मुदुमलईत 1988 पासून आहे. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रुकच्या खोऱ्यात ओढ्यांच्या पाण्याचं रसायन 1963 पासून नोंदलं जातंय, आणि उत्तर अमेरिकेतल्या आम्लपावसाचा उलगडा त्याच नोंदींमुळे झाला. मिनेसोटातल्या सीडर क्रीकला 1994 मध्ये लावलेल्या गवताळ प्लॉटांवर प्रजातींची संख्या आणि उत्पादन यांचं नातं अजून तपासलं जातं. चार वर्षांच्या पीएच.डी.त असं काही एकट्याने उभं करता येत नाही.

म्हणून तुमचा प्रश्न या नोंदींशिवाय सुटणारच नसेल तर केंद्र गाठा. तसं नसेल, उदाहरणार्थ मातीतल्या सूक्ष्मजीवांवर प्रयोगशाळेतच काम करायचं असेल, तर मोठं विद्यापीठ बरं. तिथे अभ्यासक्रम जास्त, सोबतचे विद्यार्थी जास्त, संख्याशास्त्राची शंका विचारायला चार माणसं मिळतात. केंद्रात एखाद्या शास्त्रज्ञाकडे दोनच विद्यार्थी असतात आणि त्यातला एक वर्षातले सात महिने फील्डवर. नुसतं जंगलात राहायला मिळतं म्हणून केंद्र निवडणं हा महागात पडणारा निकष आहे. दुसऱ्या पावसाळ्यात जंगलाचं अप्रूप ओसरतं, प्रबंध मात्र तेव्हाही लिहायचाच असतो.

नोंदींचा आणखी एक उपयोग: विमा. प्रबंधाचं निदान एक प्रकरण आधीच गोळा झालेल्या माहितीवर बेता. पूर आला, परवाना रखडला, ज्या झाडावर काम करायचं ते त्या वर्षी फुललंच नाही, तरी ते एक प्रकरण पूर्ण होतं. पण माहिती अस्तित्वात आहे याचा अर्थ ती तुम्हाला वापरता येईल असा होत नाही. काही संच खुले असतात, काहींना प्रमुख शास्त्रज्ञाची लेखी परवानगी लागते, काहींवर दुसरा विद्यार्थी आधीच बसलेला असतो. हे विषय ठरवण्याआधी विचारा. सहा महिने विश्लेषण झाल्यावर ‘हे अमकीच्या प्रबंधात आहे’ असं कळणं सगळ्यांनाच अवघड जातं.

वेळेचं गणित करा, आणि ते उलट्या बाजूने करा. समजा 36 महिन्यांचा करार आहे आणि काम युरोपातल्या पक्ष्यांच्या विणीवर, म्हणजे एप्रिल ते जून. 1 ऑक्टोबरला रुजू झालात तर पहिला हंगाम सातव्या ते नवव्या महिन्यात येतो, दुसरा 19 ते 21, तिसरा 31 ते 33. तिसऱ्या हंगामानंतर हातात तीन महिने उरतात. त्यात माहिती स्वच्छ करणं, विश्लेषण, लेखन काहीच धड होत नाही. 1 जानेवारीला रुजू झालात तर हंगाम 4 ते 6, 16 ते 18, 28 ते 30 असे पडतात आणि शेवटी सहा महिने सुटतात. बदल्यात पहिल्या हंगामाच्या तयारीला तीनच महिने मिळतात, म्हणून तो हंगाम पद्धत बसवण्यासाठी आहे असंच मनाशी धरायचं. थोडक्यात, तीन वर्षांच्या पीएच.डी.त भरवशाचे हंगाम दोनच. तीन हंगामांवर बेतलेला आराखडा मुलाखतीत मांडलात तर अनुभवी माणूस तिथेच बोट ठेवतो. करारात रुजू होण्याची तारीख बदलता येत असेल तर जरूर बदलून मागा. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

अमेरिकेत पीएच.डी.ला साधारण पाच-सहा वर्षं लागतात, त्यामुळे हंगाम जास्त मिळतात. पण पहिल्या एक-दोन वर्षांत अभ्यासक्रम आणि पात्रता परीक्षा विद्यापीठाच्या आवारात असतात. केंद्र आणि विद्यापीठ यांत पाच तासांचं अंतर असेल तर त्या काळात केंद्रात फक्त उन्हाळ्यात जाता येतं. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागतं. अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जांची मुदत बरीचशी डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला संपते, म्हणून मार्गदर्शकांशी पत्रव्यवहार ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये व्हायला हवा. त्यानंतर लिहिणाऱ्याला बहुधा ‘या वर्षीची जागा ठरली’ असंच उत्तर येतं. युरोपातल्या जाहिराती वर्षभर निघत राहतात.

पहिला ईमेल दोनशे-अडीचशे शब्दांचा पुरे, सोबत दोन पानांचा बायोडेटा. बालपणापासून निसर्गाची आवड होती हे लिहू नका, ती समोरच्यालाही होती. एक नेमका प्रश्न मांडा. उदाहरणार्थ: ‘आईझाडाजवळची रोपं जास्त मरतात असं तुमच्या प्लॉटमधल्या नोंदींत दिसतं. कोरड्या वर्षांत रोग पसरवणारी बुरशी कमी झाली तर हा फरक कमी व्हायला हवा. तुमच्या रोपगणनेतून हे तपासता येईल का?’ अशा चार ओळींतून कळतं की तुम्ही निबंध वाचलाय, कुठली माहिती उपलब्ध आहे हे तुम्हाला ठाऊक आहे आणि चुकीचं ठरू शकेल असं भाकीत मांडता येतं. नंतर एका वाक्यात तुमचं कौशल्य: आर या संगणकभाषेत मिश्र प्रारूपं (एकाच गटातल्या नोंदी एकमेकींसारख्या असतात हे धरून चालणारं संख्याशास्त्रीय विश्लेषण) चालवता येतात, वेलींच्या साठ प्रजाती पानांवरून ओळखता येतात, जे खरं असेल ते. शेवटी दोन प्रश्न: पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का, आणि तुमचे विद्यार्थी कुठल्या विद्यापीठात नोंदणी करतात? दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा. फील्डवर गेलेल्या माणसाचा ईमेल साचतो, त्यात तुमच्याविषयी राग नसतो. एकच मजकूर नावं बदलून वीस जणांना पाठवला तर मात्र तो ओळखू येतो, आणि एकाच केंद्रातल्या दोघांना पाठवला असेल तर दुपारच्या चहाला त्याची चर्चाही होते.

आता पैसा. तो तीन खिशांतून येतो आणि प्रत्येक खिशाला एक भोक असतं. मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून पगार मिळाला तर विषय बराचसा ठरलेला असतो. स्वतःची फेलोशिप मिळवली तर विषयाचं स्वातंत्र्य मिळतं, पण फेलोशिप बहुधा तुमच्या राहण्या-खाण्यापुरती. फील्डचा खर्च वेगळा उभा करावा लागतो. तिसरा खिसा विद्यापीठातल्या अध्यापन सहायकाच्या जागेचा. ही जागा सुरक्षित खरी, पण शिकवायचं विद्यापीठाच्या आवारात आणि सत्र सुरू असताना, म्हणजे नेमका हंगाम असेल तेव्हा तुम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वह्या तपासत असता. केंद्रात राहून काम करणाऱ्याने निदान हंगामाच्या महिन्यांपुरती अध्यापनातून सुटका कोण देणार, हे आधीच लिहून घ्यावं.

फील्डचा खर्च काढताना विद्यार्थी गाडी आणि इंधन धरतात आणि नमुन्यांच्या तपासणीवर अडतात. 12 प्लॉट, प्रत्येकात 5 जागा, वर्षातून 4 वेळा माती घेतली तर 240 नमुने होतात. पडताळणीसाठी दहा टक्के दुहेरी नमुने धरले की 264. या आकड्याला प्रयोगशाळेच्या दर नमुन्याच्या दराने गुणा, म्हणजे खरा खर्च दिसतो. तो झेपत नसेल तर प्लॉट कमी करू नका. प्लॉटमधल्या जागांची माती एकत्र कालवून एकच नमुना करा. स्टेशनवर राहण्याचा रोजचा दर, स्थानिक सहायकांची मजुरी, परवान्यांचं शुल्क, उपकरणांची दुरुस्ती हे आकडेही पहिल्या मसुद्यातच हवेत. आणि विद्यापीठाचं शिक्षणशुल्क! तुम्ही आवारात पाऊलही न ठेवलेल्या वर्षाचंसुद्धा ते लागू होऊ शकतं. ते कोण भरणार याचं उत्तर तोंडी नको.

खासगी केंद्रांत आणखी एक गोष्ट नाजूकपणे विचारावी लागते. तिथल्या काही शास्त्रज्ञांचा स्वतःचा पगारही प्रकल्पाच्या अनुदानावर अवलंबून असतो. ‘तुमचा सध्याचा प्रकल्प कोणत्या वर्षापर्यंत आहे?’ एवढं विचारलं की पुरे, कुणाला त्यात खटकण्यासारखं काही नाही. अनुदान दुसऱ्या वर्षी संपत असेल तर तिसऱ्या वर्षाचा आराखडा विद्यापीठातल्या मार्गदर्शकाबरोबर आधीच ठरवून ठेवा.

सहमार्गदर्शनाचे नियम बारकाईने वाचा. केंद्रातल्या शास्त्रज्ञाला विद्यापीठ मानद किंवा संलग्न प्राध्यापकाचं पद देतं, पण अनेक विद्यापीठांत असा प्राध्यापक प्रबंध समितीचा एकटा अध्यक्ष होऊ शकत नाही. मग मुख्य मार्गदर्शक विद्यापीठातला आणि प्रत्यक्ष काम केंद्रातल्या माणसाबरोबर, अशी रचना होते. दोघांची एकमेकांशी आधीपासून ओळख असेल, त्यांनी मिळून एखादा निबंध लिहिला असेल, तर उत्तम. तुमच्यामुळे पहिल्यांदा भेटलेले दोन मार्गदर्शक म्हणजे दोन वेगळे प्रबंध मागणारी दोन माणसं, असा धोका असतो. पहिल्या महिन्यातच एका पानाचा करार लिहा: वर्षातले किती महिने कुठे, मसुदा आधी कुणाकडे, माहितीची मालकी कुणाची, लेखकांचा क्रम कसा ठरणार, कुणी नोकरी सोडली तर काय. हे पान कायदेशीर कागद म्हणून लिहायचं नसतं. ते लिहिताना गैरसमज वर येतात, एवढ्यासाठीच ते लिहायचं.

सध्याच्या विद्यार्थ्यांशी मार्गदर्शकाच्या गैरहजेरीत बोला. ‘सर कसे आहेत?’ या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी मोजता येणारे प्रश्न विचारा. मागच्या पाच जणांना पदवीला किती वर्षं लागली? किती जण मध्येच सोडून गेले? मसुदा दिल्यावर शेरे किती दिवसांत येतात? रात्री फील्डवर एकट्याने जावं लागतं का, आणि अपघात झाला तर फोन कुणाला लावायचा हे लिहिलेलं आहे का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर ती लहान गोष्ट समजू नका.

संशोधन आराखड्यात सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे खोट्या पुनरावृत्तीची, म्हणजे एकाच जागेतली अनेक मोजमापं स्वतंत्र नमुने म्हणून मोजण्याची. इकॉलॉजिस्ट स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये तिच्यावर बोट ठेवलं, तरी ती अजून भेटत राहते. वणव्याचा रोपांवर परिणाम बघायचाय म्हणून एका जळलेल्या जंगलात 50 चौकोन आणि शेजारच्या न जळलेल्या जंगलात 50 चौकोन घेतले, तर नमुन्यांची संख्या 50 नाही. प्रत्येक बाजूला एकच जंगल आहे. दोन जंगलांत माती, उतार, चराई यांचा फरक असू शकतो आणि तो वणव्याच्या नावावर जमा होतो. उपाय म्हणजे वेगवेगळ्या वणव्यांचे आठ-दहा सुटे पट्टे, प्रत्येकाला जवळचा न जळलेला जोडीदार, आणि प्रत्येक पट्ट्यात थोडेच चौकोन. पायपीट वाढते, पण निष्कर्ष टिकतो. फील्डला जाण्याआधी आराखडा तपासण्यापुरती संगणकावर काल्पनिक माहिती तयार करा: तुम्हाला अपेक्षित असलेला फरक त्यात घाला, तेच विश्लेषण हजार वेळा चालवा आणि किती वेळा फरक पकडला गेला ते बघा. 80 टक्क्यांपेक्षा कमी वेळा पकडला जात असेल तर आराखडा बदला. दोन दिवसांच्या या कामाने दोन हंगाम वाचू शकतात.

परवान्यांना वेळ द्या. संरक्षित क्षेत्रात काम, प्राणी पकडणं किंवा हाताळणं, नमुने गोळा करणं, ते देशाबाहेर नेणं या प्रत्येकाला वेगळी परवानगी लागू शकते आणि सगळ्या मिळून सहा महिने ते वर्ष सहज जातं. नागोया करार 2014 पासून लागू झाल्यावर जनुकीय साहित्य एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याआधी मूळ देशाची संमती हा अनेक देशांत कायद्याचा भाग झाला. भारतात परदेशी संशोधकांसाठी 2002 चा जैवविविधता कायदा आहेच. शक्य असेल तिथे डीएनए काढण्याचं काम त्याच देशातल्या प्रयोगशाळेत करा. केंद्राकडे आधीचा परवाना असेल तर त्यात तुमचं नाव, तुमची प्रजाती आणि तुमची पद्धत यांचा स्पष्ट उल्लेख आहे का ते बघा. ‘आपल्याकडे परवाना आहे’ म्हणजे तुमच्या कामाला आहे असं नव्हे.

पीएच.डी.ची घाई नसेल तर आधी केंद्रात सहा महिने ते एक वर्ष प्रकल्प सहायक म्हणून काम करणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. केंद्र तुम्हाला पारखतं, तुम्ही केंद्राला. शिफारसपत्रही अशा माणसाकडून मिळतं ज्याने तुम्हाला पावसात नोंदी करताना पाहिलंय. पनामातल्या स्मिथसोनियन संस्थेच्या अल्पमुदतीच्या फेलोशिप आणि 1963 पासून चालणाऱ्या उष्णकटिबंधीय अभ्यास संघटनेचे कोस्टारिकातले फील्ड अभ्यासक्रम याच कामाचे. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेत असलेल्या आरईयू नावाच्या उन्हाळी संशोधन योजनेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा पैसा असतो आणि तो अमेरिकी नागरिकांना व कायम रहिवाशांनाच मिळतो. इतरांनी त्यात वेळ घालवू नये. भारतात वन्यजीव विषयाचं एम.एस्सी. डेहराडूनला आणि बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात करता येतं, पण दरवर्षी प्रवेश होतीलच असं धरू नका. एक वर्ष चुकलं तर ते प्रकल्प सहायकीसाठी वापरा.

शिफारसपत्रं बहुतेक ठिकाणी तीन लागतात. लिहिणाऱ्यांना निदान महिनाभर आधी सांगा आणि एक पान द्या: कुठे अर्ज, मुदत, त्यांच्याबरोबर तुम्ही नेमकं काय केलं, कुठे अडलात आणि ते कसं सोडवलंत. अडल्याचा भाग वगळू नका. त्यावरच चांगलं पत्र उभं राहतं.

मुलाखतीत साधारण दहा मिनिटांचं सादरीकरण असतं आणि मग प्रश्न. तुमच्या जुन्या कामातला नमुन्यांचा आकडा, तो तेवढाच का, आणि निकाल उलटा आला असता तर काय म्हणाला असतात, या तिन्हींची उत्तरं तयार हवीत. तुमचा आराखडा मांडल्यावर ‘पहिल्या वर्षी प्राणी दिसलेच नाहीत तर?’ हे कुणीतरी विचारतंच. तिथे जुन्या नोंदींवरचं ते विम्याचं प्रकरण पुढे करा, कुठल्या वर्षांपासूनच्या नोंदी, कुणाच्या परवानगीने, हे सांगून. त्यानंतर तुम्हाला काही विचारायचंय का असं म्हटलं जातं, तेव्हा शिक्षणशुल्क, हंगामातली अध्यापनाची सुटका आणि रुजू होण्याचा महिना हे तीन मुद्दे काढा. उत्तर मिळालं की त्याच संध्याकाळी आभाराच्या ईमेलमध्ये ते लिहून पाठवा, म्हणजे दोन्ही बाजूंकडे कागद राहतो.